‘वेढा उठला’ की ‘शहर खाली केले’?

शंका : अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७ मार्च १७७६ रोजी ब्रिटिश फौज बोस्टन सोडून गेली. एका अनुवादात या घटनेसाठी ‘अखेर बोस्टनचा वेढा उठला’ असे वाक्य वाचले. ते मला खटकते, परंतु नेमके काय चुकले हे सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर : आपल्याला खटकले ते योग्यच आहे. मराठीत वेढा ‘उठतो’ किंवा ‘उठवावा लागतो’ तेव्हा माघार घेतो तो बाहेरचा, म्हणजे वेढा घालणारा. संभाजी महाराजांना १६८२ मध्ये जंजिऱ्याचा वेढा उठवावा लागला, असे आपण म्हणतो, कारण मोगली फौज कल्याणच्या बाजूने उतरल्यामुळे त्यांना जंजिरा न घेताच परतावे लागले. बोस्टनला याच्या अगदी उलट घडले. वेढा घालणारे जॉर्ज वॉशिंग्टनचे सैन्य जागचे हलले नाही आणि आत अडकलेले जनरल हाऊचे ब्रिटिश सैन्यच जहाजांत बसून हॅलिफॅक्सला निघून गेले. ‘वेढा उठला’ असे वाचणाऱ्या मराठी वाचकाला वॉशिंग्टन हरला असेच वाटेल, आणि ही चूक साधी नाही.

‘पिटाळून लावले’ हेही येथे बसत नाही, कारण त्यात पाठलाग आहे. ‘हुसकावले’ हा शब्द वाळवणावर आलेल्या कोंबड्यांना शोभतो. पूर्ण शस्त्रसज्ज अशा सुमारे नऊ हजारांच्या फौजेला तो तोकडा पडतो. ‘जिंकले’ किंवा ‘काबीज केले’ म्हणावे, तर शहरावर हल्ला झालाच नाही.

जुन्या मराठी कागदपत्रांतला ‘खाली करणे’ हा प्रयोग मला येथे सर्वांत नेमका वाटतो. ‘खाली’ हा रिकामा या अर्थाचा शब्द मूळ अरबी असला, तरी ‘जागा खाली करा’, ‘गोदाम खाली केले’ असे आपण आजही बोलतो, त्यामुळे त्याला परका मानण्याचे कारण नाही. क्रियापद मात्र जपून निवडावे. ‘खाली करवले’ यात करणारा आपल्या हुकमातला असल्याचा भास होतो, तर ‘भाग पाडले’ यात परिस्थितीचा रेटा असतो, आणि बोस्टनला निर्णायक ठरला तो हा रेटाच. ४ मार्चच्या रात्री वसाहतींच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या, सैन्याने डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर मोर्चे बांधले. जमीन दगडासारखी गोठलेली असल्याने खणता येईना, म्हणून लाकडी चौकटी आणि काटक्यांच्या मोळ्या बैलगाड्यांतून वर नेल्या, चाकांचा आवाज शत्रूच्या कानी जाऊ नये म्हणून वाटेच्या कडेने गवताचे भारे रचले, आणि उतारावरून लोटण्यासाठी मातीने भरलेली पिंपे तयार ठेवली. वॉशिंग्टनचा तोफखान्याचा अधिकारी हेन्री नॉक्स याने टायकॉन्डरोगाच्या किल्ल्यावरून हिवाळ्यात घसरगाड्यांवर आणलेल्या तोफांमुळे, उजाडले तेव्हा शहर आणि बंदरातली जहाजे माऱ्याच्या टप्प्यात आलेली होती. हाऊने हल्ल्याची तयारी केली, पण रात्री वादळ आले आणि तो बेत रद्द झाला.

येथे ‘मोर्चा’ या शब्दाबद्दल एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. आज मोर्चा म्हटले की घोषणा देत चाललेले लोकच डोळ्यांपुढे येतात, परंतु फारसीतून आलेल्या या शब्दाचा आपल्याकडचा जुना अर्थ तोफा-बंदुकांच्या माऱ्यासाठी आडोसा करून धरलेली जागा असा आहे. ‘मोर्चेबांधणी’ या शब्दात तो अजून टिकून आहे, आणि त्या रात्री डॉर्चेस्टरला जे झाले त्याला याहून चांगला मराठी शब्द मला माहीत नाही.

म्हणून आपले वाक्य असे करता येईल : ‘अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर वॉशिंग्टनच्या सैन्याने ब्रिटिशांना बोस्टन खाली करण्यास भाग पाडले.’

पुढील शंका : ‘वेढा’ ऐवजी ‘नाकेबंदी’ चालेल का? आणि आपल्याकडच्या वसईच्या विजयासाठीही हेच वाक्य वापरता येईल का?

उत्तर : ‘नाकेबंदी’ नको. सर्व नाकी अडवलेली असतील तरच ती नाकेबंदी, आणि बोस्टनच्या बंदरावर तर शेवटपर्यंत ब्रिटिश आरमाराचाच ताबा होता. वेढा होता तो जमिनीच्या बाजूने.

वसईसाठी वाक्यात थोडा बदल करावा लागेल. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंगांनी बुरूज फोडला आणि निकराचे हल्ले केले. त्यानंतर पोर्तुगिजांनी शरणागतीच्या अटी ठरवल्या आणि ठरलेल्या मुदतीत ते आपली शस्त्रे व चीजवस्तू घेऊन बाहेर पडले. तेथे अटी ठरवून ठाणे हवाली झाले, म्हणून ‘वसई खाली करून दिली’ हा प्रयोग अचूक आहे. बोस्टनला लेखी करार झाला नाही. आम्हाला निर्वेध जाऊ दिले तर शहर जाळणार नाही, असा हाऊचा निरोप शहरातल्या प्रतिष्ठितांमार्फत आला, आणि वॉशिंग्टनने त्याला औपचारिक उत्तर दिले नाही. म्हणून बोस्टनसाठी ‘खाली केले’ एवढेच लिहावे. त्यापुढे ‘करून दिले’ जोडू नये.