लांबच्या कौटुंबिक प्रवासासाठी कॅराव्हॅन घ्यावी की सात आसनी गाडीच पुरेशी आहे?

गोदाकाठ (धागाकर्ता): आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. या हिवाळ्यात कच्छचे रण आणि पुढच्या वर्षी समृद्धी महामार्गाने नागपूर, पेंच, कान्हा असे प्रवास वृद्ध आईवडिलांना घेऊन करायचे आहेत. त्यासाठी उंच छताच्या ट्रॅव्हलर मिनीबसवर कॅराव्हॅन, म्हणजे आत पलंग, ओटा आणि स्वच्छतागृह असलेली गाडी, बांधून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. वडिलांना गुडघेदुखीमुळे दर दोन-तीन तासांनी आडवे व्हावे लागते, आईचे पथ्य हॉटेलात सांभाळले जात नाही, आणि बायकांना वापरता येईल असे स्वच्छतागृह वाटेत मिळेलच, याची खात्री आजही देता येत नाही. सात आसनी गाडी कितीही चांगली असली, तरी या तिन्ही अडचणी ती सोडवत नाही. इतरांची मते वाचायला आवडेल.

सातपूरकर: मी पूर्णपणे असहमत आहे. वर्षातून दोन-तीन वेळा निघणाऱ्या कुटुंबाने एवढे मोठे वाहन दारात उभे करून ठेवू नये. सुमारे अडीच मीटर उंचीची ही गाडी बहुतेक सोसायट्यांच्या तळघरातील पार्किंगमध्ये जाणार नाही आणि पंचवटीच्या जुन्या गल्ल्यांत तर तिला वळवणेही कठीण होईल. मिनीबस म्हणून नोंद असल्यास टोलही मोटारीपेक्षा अधिक पडतो. स्कॉर्पिओ क्लासिक किंवा बोलेरो घ्या. त्या आपल्याच गावातल्या कारखान्यात तयार होतात, त्यांचे काम जाणणारा कारागीर सातपूर-अंबडमध्ये सहज सापडतो, आणि प्रवास नसेल तेव्हा हीच गाडी रोजच्या उपयोगी पडते. शिवाय धावत्या गाडीत पलंगावर झोपणे धोक्याचेच असते, कारण अचानक ब्रेक लागला तर तिथे पट्टा नसतो. म्हणजे वडिलांना आडवे व्हायचे असेल तर गाडी थांबवावीच लागणार. मग एखाद्या लॉजवर का थांबू नये?

ब्रह्मगिरी: माझा कल कॅराव्हॅनकडे आहे, परंतु "बांधून घ्यावी" या दोन शब्दांबद्दल मला काळजी वाटते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही. आसने काढून पलंग आणि ओटा बसवला, पण कागदावर ती प्रवासी मिनीबसच राहिली, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनची, म्हणजे अशाच गाडीची, नोंद बिगर-परिवहन (भाड्याने न चालणाऱ्या वाहनांच्या) वर्गात होऊ शकते. म्हणून त्या मानकानुसार मंजुरी असलेला बांधणीकारच निवडावा आणि काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारणा करावी.

दुसरी गोष्ट वजनाची. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ही टाकी मागच्या चाकांच्याही मागे बसवली तर कसारा घाटाच्या वळणांवर गाडीची शेपूट डोलू लागते. टाकी दोन्ही आसांच्या मध्ये, शक्य तितकी खाली हवी. विजेचा हिशेबही आधीच मांडावा. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम अडीच युनिट वीज साठते. त्यावर पंखे, दिवे आणि लहान फ्रीज रात्रभर आरामात चालतील, पण एक किलोवॉटचे वातानुकूलन यंत्र अडीच तासांत ती संपवेल. कच्छला हिवाळ्यात जाणार असाल तर यंत्राचा मोह सोडा आणि तो पैसा चांगल्या खिडक्यांवर व जाळ्यांवर खर्च करा.

गोदाकाठ: कायद्याचा मुद्दा मान्य, बांधणीकार त्याच कसोटीवर निवडेन. सातपूरकरांच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायलाच हवे. लॉजवर थांबणे म्हणजे सामान उतरवणे, जिने चढणे, ओळखपत्रांच्या प्रती देणे. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला वीस मिनिटांच्या विश्रांतीसाठी हे कुणी करत नाही. कॅराव्हॅन पेट्रोल पंपाच्या आवारात उभी केली की विश्रांती लगेच मिळते. वडील केवळ या त्रासाच्या धास्तीने अनेक वर्षे जिल्ह्याबाहेर पडलेले नाहीत, हे मला फार लागते.

सातपूरकर: वडिलांबद्दलची तळमळ समजते, म्हणूनच आग्रहाने लिहितो. रात्रीचा मुक्काम कुठे करणार? महाराष्ट्राच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात कॅराव्हॅन पार्कची, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागांची, तरतूद आहे, पण तुमचे दोन्ही मार्ग राज्याबाहेर जातात. शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय आपल्याकडे सर्वत्र नाही, आणि ती उघड्यावर ओतणे हा दुसऱ्याच्या गावावर केलेला अन्याय आहे.

गोदाकाठ: म्हणूनच मोठी टाकी नको, बाहेर काढून कोणत्याही संडासात रिकामी करता येईल अशी कॅसेटची लहान टाकी घेणार आहे. मुक्काम आगाऊ विचारून हॉटेलांच्या किंवा धर्मशाळांच्या आवारात, भाडे देऊनच.

सिन्नर फाटा: बांधणीचा आगाऊ पैसा देण्यापूर्वी भाड्याची कॅराव्हॅन घेऊन वणीमार्गे सापुताऱ्याला एक रात्र राहून या. घाटात गाडी किती हलते आणि वडिलांना पायरी चढून आत जाणे जमते का, हे तिथे कळेल. पायरी बरीच उंच असते, आणि त्यावर आतापर्यंत इथे कुणीच लिहिलेले नाही.