खाणीच्या बातम्यांतलं 'उत्खनन' (टोपणनावांनी चाललेली चर्चा)

तळटीप
जूकन घळीवरच्या लेखाचा अनुवाद करतेय, एका शब्दाशी अडलंय. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या या घळीतले शैलाश्रय (खडकातले नैसर्गिक आडोसे) रिओ टिंटो या खाण कंपनीने लोहखनिजासाठी मे २०२०मध्ये उडवले. माणसाच्या वावराच्या खुणा तिथे ४६ हजार वर्षं मागे जातात. २०१४मध्ये पुरातत्त्वज्ञांनी तिथेच खोदकाम केलं होतं. त्यात माणसाच्या केसांची सुमारे ४ हजार वर्षं जुनी वेणी सापडली आणि तिचा डीएनए आजच्या पुतु कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला. मराठीत या दोन्ही कामांना 'उत्खनन'च! संपादकांचा मथळा आहे 'उत्खननात प्राचीन स्थळ नष्ट'. वाचणाऱ्याला वाटणार, पुरातत्त्ववाल्यांनीच मोडलं. 'खनन' सुचवलं तर म्हणतात हिंदी आहे.

सातबारा
'खनन' हिंदी कसा? खन् (खणणे) हा संस्कृत धातू मराठी-हिंदी दोघींचाही. आणि 'उत्खनन' चूक नाही. 'गौण खनिजांचं अवैध उत्खनन' हे महसूल खात्याचं रोजचं मराठी आहे. मुरूम उपसला तरी पंचनाम्यात हाच शब्द.

घाटमाथा
पंचनाम्याचं मराठी बातमीत कशाला? 'खाणकाम' आहे की सरळ, सगळ्यांना कळणारं. फारसीत खाणीला 'कान' म्हणतात, आपली 'खाण' तिकडूनच आली असावी असं मला फार दिवस वाटतंय.

सातबारा
अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'खनिः स्त्रियामाकरः स्यात्' असं स्वच्छ दिलेलं असताना फारसीपर्यंत जायची गरज नाही.

रानवारा
शब्दांची कुळं काढत बसा, पण अशा बातम्यांत मला सगळ्यात जास्त छळतो तो 'विरोध'. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचं बघा. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ला निकाल दिला की बॉक्साइटच्या खाणीबाबत ग्रामसभांचं म्हणणं घ्या. त्या पावसाळ्यात १२ ग्रामसभा भरल्या, जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक समोर बसवून. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. याला 'स्थानिकांचा विरोध' म्हणायचं? विरोध म्हणजे ठरलेल्या गोष्टीच्या आड येणं. इथे अजून काही ठरलंच नव्हतं. त्यांना रीतसर विचारलं होतं, त्यांनी ठराव करून उत्तर दिलं. तो नकार आहे. मुलीकडच्यांनी स्थळ नाकारलं तर आपण 'लग्नाला विरोध' लिहितो का?

पाटीपेन्सिल
पटलं नाही. मथळ्यात चार शब्दांची जागा असते आणि 'विरोध' सगळ्यांना कळतो. शिवाय तिथली माणसं ग्रामसभांच्या आधी कित्येक वर्षं मोर्चे काढत होती, तो विरोध नव्हता तर काय? रुळलेला शब्द असा मोडीत काढता येत नाही.

रानवारा
मोर्च्याला विरोध म्हणा, ठरावाला नकार म्हणा. दोन गोष्टींना दोन शब्द असताना एकाने का भागवायचं? 'चकमक' हाही तसलाच. ओडिशातल्याच काशीपूर भागात मैकांच गावी १६ डिसेंबर २०००ला अॅल्युमिना प्रकल्पाला विरोध करणाऱ्या (इथे बरोबर 'विरोध') आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिघं गेले. तो गोळीबार होता. चकमकीला दोन्हीकडे हत्यार लागतं.

पाटीपेन्सिल
'शाब्दिक चकमक' रोज छापून येते, तिथे कुठलं हत्यार असतं?

घाटमाथा
चकमक म्हणजे मुळात गारगोटीवर ठिणगी पाडायचं पोलाद. हत्याराचा संबंध नंतरचा.

तळटीप
माझा मथळा आज जायचाय हो.

रानवारा
'उत्खनन' काढा आणि कर्ता आणा. 'खाण कंपनीने प्राचीन शैलाश्रय सुरुंग लावून उडवले'. 'नष्ट' लिहिलं की ते आपोआप झाल्यासारखं वाटतं.

सातबारा
सुरुंग मात्र खरंच परका. ग्रीक 'सिरिंक्स', म्हणजे नळी, त्यावरून संस्कृतात 'सुरुंगा', भुयार. दारू ठासायचा अर्थ नंतर आला.

घाटमाथा
म्हणजे ग्रीक चालतं आणि फारसी चालत नाही?

सातबारा
पुरावा असेल तर दोन्ही चालतं. 'कान'चा पुरावा द्या.