मोसूल: वेढा पूर्ण आवळायचा की एक वाट मोकळी सोडायची?

रामबागकर, इंदूर
मंडळी, एक शंका. आयसिसकडून इराकचं मोसूल शहर परत घेण्याची लढाई १७ ऑक्टोबर २०१६ ला सुरू झाली, विजय जाहीर झाला १० जुलै २०१७ ला. इराकी फौज आयसिसच्या कितीतरी पट, डोक्यावर अमेरिकी विमानं. तरी नऊ महिने?

महूवाले काका
पळायची वाट बुजली, हे मोठं कारण. सुरुवातीला पश्चिमेची, तल अफरकडची बाजू उघडी होती. नोव्हेंबरात हश्द अल-शाबीने, म्हणजे सरकारच्या बाजूच्या, मुख्यतः शिया सशस्त्र गटांनी, तो रस्ता तोडला. मग आतल्यांना मरेपर्यंत लढण्यावाचून गत्यंतर नाही, आणि लाखो रहिवासीही त्यांच्यासोबत कोंडले गेले. सीरियातल्या रक्क्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये उरलेल्या आयसिसवाल्यांना बस-ट्रकमधून जाऊ दिलं. शेवटच्या गल्ल्या वाचल्या, पण ते लोक दुसरीकडे उगवणार हेही पत्करलं.

बोळवाला
काकांचं बरोबर, पण वाट उघडी असती तरी जुनं शहर सोपं नव्हतं. आपला इंदूरचा सराफा बाजार, त्याच्या अरुंद गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. तिथे हम्वी (लष्करी जीप) शिरत नाही, रणगाड्याची तोफ वळत नाही. मग पायी, भिंतींना भगदाडं पाडत घरातून घरात.

रुंद रस्त्यांवर दुखणं वेगळं: पत्रे ठोकलेल्या आत्मघाती गाड्या. त्यावर उतारा बुलडोझर. चौक हाती आला की पुढे सरकण्याआधी आडव्या गल्ल्यांच्या तोंडाशी मातीचा बांध. बुलडोझर मागे रेंगाळला की गाडी बाजूच्या गल्लीतून थेट ताफ्यात घुसते. म्हणून आयसिसवाले आधी त्याच्या चालकालाच टिपायचे. शहर दुभागणाऱ्या तैग्रिस नदीवरचे पाचही पूल विमानांनी निकामी केले, त्यात पश्चिमेकडून येणाऱ्या गाड्या रोखणं हाही हेतू होता.

रामबागकर, इंदूर
मग छपरावरचा नेमबाज विमानानेच का नाही उडवायचा?

महूवाले काका
१७ मार्च २०१७, पश्चिम मोसूलमधली अल-जदीदा वस्ती. दोन नेमबाजांसाठी एक बॉम्ब टाकला, अख्खी इमारत बसली. अमेरिकी चौकशीनुसार आत आसरा घेतलेले शंभरावर नागरिक गेले. घरात पेरलेली स्फोटकं त्या धक्क्याने उडाली, असं चौकशीचं म्हणणं. खालच्या मजल्यावर कोण आहे, हे वरून दिसत नाही.

आणखी एक. छाप्यांसाठी घडवलेली इराकी दहशतवादविरोधी पथकं इथे महिनोन् महिने साध्या पायदळासारखी झिजवली. पूर्व किनारा जानेवारी २०१७ मध्ये हाती आला, पश्चिमेची चढाई १९ फेब्रुवारीला. मधे दम घ्यावाच लागला. घेतलेली वस्ती राखायला वेगळी माणसं लागतात, नाहीतर साफ केलेल्या घरातून पुन्हा पाठीवर गोळी येते.