‘अवेट’ आधी असावा की नंतर
‘अवेट’ हा उत्तर येईपर्यंत थांबायला सांगणारा कीवर्ड, म्हणजे प्रोग्रॅमिंग भाषेतला राखीव शब्द. तो नेहमी ओळीच्या सुरुवातीलाच हवा, म्हणजे पुढे काय येणार हे वाचणाऱ्याला आधीच कळते, आणि रस्ट या भाषेतला शेवटी येणारा ‘.अवेट’ एखाद्या फील्डसारखा, म्हणजे डेटाच्या नाव दिलेल्या भागासारखा दिसतो, असे एक म्हणणे आहे. ते मला अर्धेच पटते. दिसण्याबद्दलचा आक्षेप खरा आहे. पण आधी येणाऱ्या कीवर्डची हद्द कुठे संपते, हा प्रश्न त्यात सुटत नाही.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कार्यालयात जावास्क्रिप्टच्या एका ओळीने आम्हाला दोन दिवस छळले. ‘अवेट फेच(यूआरएल).स्टेटस’ असे लिहिलेले होते; फेच सर्व्हरला विनंती पाठवते आणि स्टेटस हा उत्तरातला निकालाचा आकडा. वाचताना वाटते की आधी उत्तर येईपर्यंत थांबायचे आणि मग स्टेटस पाहायचे. प्रत्यक्षात टिंबाचा अग्रक्रम अवेटपेक्षा वरचा असल्यामुळे, म्हणजे टिंबाची क्रिया आधी होत असल्यामुळे, स्टेटस प्रॉमिसवरच (अजून न आलेल्या उत्तराच्या जागी मिळणाऱ्या वस्तूवरच) शोधला जातो, तो तिथे नसतो, आणि कोणतीही त्रुटी न दाखवता हाती ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे ‘मूल्यच नाही’, असे येते. पुढची तपासणी ‘स्टेटस 400 किंवा अधिक (म्हणजे त्रुटीचा) आहे का’ अशी होती, आणि अनडिफाइन्डशी केलेली ही तुलना नेहमीच असत्य ठरते. त्यामुळे सर्व्हरने नाकारलेली प्रत्येक विनंती आमच्याकडे यशस्वी म्हणून नोंदली गेली. जावास्क्रिप्टवरच आधारलेल्या, पण मूल्यांचे प्रकार तपासणाऱ्या टाइपस्क्रिप्टने ही चूक कंपाइल करतानाच पकडली असती, पण तो प्रकल्प साध्या जावास्क्रिप्टमध्ये होता. दुरुस्ती म्हणजे केवळ कंसाची एक जोडी: ‘(अवेट फेच(यूआरएल)).स्टेटस’. रस्टमध्ये ओळीच्या शेवटी येणाऱ्या, त्रुटी आल्यास तिथूनच परत फिरणाऱ्या ‘?’ या ऑपरेटरमुळे ही संदिग्धता अधिकच बोचली असती, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये 1.39 आवृत्तीत स्थिर झालेली त्यांची शेवटच्या ‘.अवेट’ची रचना क्रियांच्या क्रमानेच डावीकडून उजवीकडे वाचता येते, म्हणून मला ती अधिक प्रामाणिक वाटते.