विम्याच्या क्लेम फॉर्मवर चालकाचे नाव बदलावे का?

प्रश्न: नवले पुलाच्या उतारावर माझी गाडी दुभाजकाला धडकली, तेव्हा ती पुतण्या एकटाच चालवत होता आणि त्याच्याकडे केवळ शिकाऊ परवाना आहे. चालक म्हणून माझेच नाव लिहावे, असे गॅरेजमधून सुचवले जात आहे. काय करावे?

उत्तर १: कृपया असे करू नका. शिकाऊ चालकाशेजारी परवानाधारक प्रशिक्षक असणे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ३ नुसार बंधनकारक असल्याने खरे सांगितल्यास दुरुस्तीचा खर्च बहुधा अंगावर पडेल. मात्र विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेयरने सीसीटीव्ही किंवा रुग्णालयाचे केसपेपर पाहिले आणि आपला जबाब खोटा ठरला, तर क्लेम तर जाईलच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रारही होऊ शकते. पुतण्यासाठी स्वतःला त्यात गुंतवू नका.

उत्तर २: सहमत. नो क्लेम बोनसचेही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचेही, तसेच आहे. २० ते ५० टक्के सवलतीसाठी मागचा क्लेम लपवला, तरी नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खातरजमा करून घेऊ शकते.

उत्तर ३: कोणी जखमी झाले आहे का, हे आधी कळवा. तसे असल्यास कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम आपल्याकडून वसूल करू शकते, म्हणून फॉर्म भरण्याआधीच वकिलांना भेटा.