४५५८ आयसी तापतेय, बदली कोणती टाकू? (पीए अ‍ॅम्प्लिफायर, सोलापूर)

पूर्वभागकर
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाचा दोन चॅनेलचा जुना अ‍ॅम्प्लिफायर रिपेरीला काढलाय. लेझीमच्या सरावाला आणि मिरवणुकीत अनाउन्सिंगला हाच असतो. डावा चॅनेल फाटका आवाज देतो, माइक लावला की गुरगुरतो. आउटपुट ट्रान्झिस्टर सगळे तपासले, चांगले आहेत. स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी नाही. इनपुटच्या प्लेटवर आठ पायांच्या चार ४५५८ (बारीक सिग्नल वाढवणाऱ्या ऑपअ‍ॅम्प आयसी) आहेत. त्यातल्या एकीच्या १ नंबर पायावर कायम १३ व्होल्ट दिसतात आणि बोट ठेववत नाही इतकी ती तापते.

नवी पेठेत ४५५८ मिळाली, पण अंगावर कंपनीचं चिन्ह नाही आणि छापलेला नंबर नखानं खरवडला तर निघतोय. दुकानदार म्हणाला, याच्याऐवजी ५५३२ टाका, पाय तेच आहेत. टाकू का? आणि डायरेक्ट सोल्डर करू की बेस लावू? गणपती तोंडावर आलेत.

डेसिबल_दादा
५५३२ टाका डोळे झाकून. आवाज एकदम मोकळा होतो. चारही बदला.

सर्किटराव
मालक, डोळे झाकून काही टाकू नका. ती आयसी का मेली ते आधी बघा. कारण तसंच ठेवून आयसी बदलणं म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसत बसणं.

इतक्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ऑपअ‍ॅम्पला लागणारे अधिक-उणे १५ व्होल्ट मेन सप्लायमधूनच उतरवून घेतलेले असतात, बहुतेक वेळा एक रेझिस्टर आणि एक झेनर (व्होल्टेज ठरावीक आकड्यावर धरून ठेवणारा डायोड) लावून. मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला धरा. पाय ८ वर अधिक १५ आणि पाय ४ वर उणे १५ यायला हवेत. मेन सप्लाय किती आहे आणि उतरवणारा रेझिस्टर किती ओहमचा आहे, तेही लिहा.

पूर्वभागकर
मेन सप्लाय अधिक-उणे ५२. रेझिस्टर दीड के (१५०० ओहम), दोन्ही बाजूंना एकेक. पाय ८ वर १५.१ आहेत. पाय ४ वर मात्र उणे २७ ते २९, स्थिर राहतच नाही!

सर्किटराव
सापडलं की मग. उणे बाजूचा झेनर काम करत नाहीये. आयसीला दोन्ही मिळून ४३ व्होल्टच्या आसपास बसतायत. नेहमीच्या ४५५८ ची कमाल मर्यादा अधिक-उणे १८, म्हणजे ३६. चारही आयसींनी हा मार खाल्लाय, एकीनं मान टाकली एवढंच. चारही बदला.

आता ५५३२ बद्दल. पाय तेच आहेत हे खरं, पण खाणं वेगळं. ५२ मधून १५ वजा केले की दीड के वर ३७ व्होल्ट पडतात, म्हणजे त्यातून साधारण २४ मिलिअँपिअर येणार. चार ४५५८ मिळून त्यातले १४ घेतात, उरलेले झेनरला मिळतात, गाडी नीट चालते. एक ५५३२ एकटी ८ खाते. चार म्हणजे ३२. आहेतच २४! झेनर कोरडा पडणार, १५ व्होल्ट बरेच खाली घसरणार, आणि मग म्हणायचं की ५५३२ भारी असते पण लवकर फाटते. तिचा काय दोष त्यात.

टीएल०७२ (हीपण त्याच पायांची ऑपअ‍ॅम्प) चारही टाकल्या तरी ११ मिलिअँपिअरच्या आसपास भागतं. माइकच्या पहिल्या स्टेजला मात्र तिचा सुस्कारा (सूं असा बारीक आवाज) जरा जास्त ऐकू येतो. तिथं एकच ५५३२ आणि बाकी तीन ४५५८ असं केलं तर हिशोब साडेअठरावर बसतो, चालून जाईल.

डेसिबल_दादा
मी पाच अ‍ॅम्पमध्ये टाकल्यात, काही झालं नाही.

सर्किटराव
त्यात ७८१५ आणि ७९१५ (अधिक-उणे १५ देणाऱ्या रेग्युलेटर आयसी) असतील. तिथं करंटची ददात नसते. रेझिस्टर-झेनरवाल्या प्लेटची गोष्ट वेगळी.

जुना_रेडिओवाला
सर्किटरावांना एक जोड देतो. चारपैकी एखाद्या आयसीचा अर्धा भाग क्लिपचा (आवाज फाटायला लागल्याचा) लाल दिवा लावायला कम्पॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजांची तुलना करणारा, म्हणून वापरलेला असतो. तिथं ५५३२ अजिबात नको. तिच्या दोन इनपुटांच्या मध्ये आतूनच उलटसुलट डायोड आहेत, दोन्हींत अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला की ते वाहू लागतात. ४५५८ ला तो त्रास नाही. प्लेटवरचा ट्रॅक बघत दिव्यापर्यंत जा, कळेल.

नखानं निघणाऱ्या नंबराचं म्हणाल तर तसला माल घेऊच नका. ५५३२ म्हणून गळ्यात मारलेली आयसी ओळखायची सोपी पद्धत आहे. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, ब्रेडबोर्ड, दोन्ही भाग फॉलोअर म्हणून जोडायचे (आउटपुट उणे इनपुटला), अधिक इनपुट ग्राउंडला, आणि पाय ८ च्या तारेत मीटर. ७-८ मिलिअँपिअरच्या आसपास दाखवलं तर ५५३२ असू शकते. ३ दाखवलं तर समजा ४५५८ च नाव बदलून आलीय.

शेंगाचटणी
ऑनलाइन मागवत असाल तर नंबराचं शेपूट बघा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या तिन्ही बनवते. आरसी४५५८पी, एनई५५३२पी, टीएल०७२सीपी. शेवटी पी असला की आपली नेहमीची आठ पायांची. शेवटी डी असेल तर ती पृष्ठभागावर चिकटवायची चिमुकली येते, तुमच्या प्लेटवर बसणार नाही. चार आयसींना कुरियरचा खर्च आयसींपेक्षा जास्त पडतो, म्हणून दोघातिघांनी मिळून मागवलेलं बरं.

पूर्वभागकर
भिंगातून बघितलं. उणे बाजूच्या झेनरच्या पायाभोवती सोल्डरला बारीक गोल भेग आहे, ड्राय सोल्डर. शेजारचाच दीड के तापून तापून प्लेट तांबूस काळी झालीय. आणि पंख्याची जाळी कापसाच्या तुसांनी गच्च भरली होती. अ‍ॅम्प वर्षभर मागाच्या शेडमध्ये पडून असतो ना.

सर्किटराव
तरीच. त्या रेझिस्टरवर जवळजवळ १ वॅट जळतो. सोलापूरचा उन्हाळा, वर पंख्याला वारा नाही, मग सोल्डर काय टिकतंय ओ. दोन्ही बाजूंना ३ वॅटचे बसवा, प्लेटपासून बोटभर वर उचलून. झेनर दोन्ही नवे, १५ व्होल्ट १ वॅट, १एन४७४४ मागा. बेस लावाच, पण गोल भोकांचा घ्या. चपट्या पत्तीचा बेस मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर सैल पडतो. प्रत्येक आयसीजवळ पाय ८ आणि पाय ४ पासून ग्राउंडला १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर आहे का बघा, नसेल तर लावा.

आयसी न घालता नुसत्या बेसवर आधी अधिक-उणे १५ मोजा. बरोबर आले की बंद करा, मोठ्या कपॅसिटरचा चार्ज रेझिस्टरनं उतरवा (स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी काढू नका), मग आयसी. पहिल्यांदा सिरीज बल्ब (मेनच्या वायरीत मधे जोडलेला बल्ब) लावून, स्पीकर न जोडता चालू करा. पाय १ आणि ७ (आउटपुट) शून्याच्या आसपास आले पाहिजेत. दिव्याच्या कम्पॅरेटरचा पाय याला अपवाद, तो एका टोकाला असणारच.

पूर्वभागकर
झेनर आणि रेझिस्टर बदलले. रिकाम्या बेसवर अधिक १५.०, उणे १४.९. आता फक्त आयसी. माइकला ५५३२, बाकी तीन ४५५८. दिव्याचा भाग तिसऱ्या आयसीत निघाला, तिथं ४५५८ च राहील.

शेंगाचटणी
मी बुधवारी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येतोय. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ माझं काम आहेच. तुमच्या चार आणि दोन जास्तीच्या घेऊन येतो. अजून कुणाला काही हवं असेल तर मंगळवारी रात्रीपर्यंत नंबर शेपटासकट लिहा.

जुना_रेडिओवाला
मला टीएल०७२सीपी दोन. आणि तो ब्रेडबोर्ड बरोबर घेऊन जा.