ग्वाल्हेरचा कडा आणि १७८०
भूगोलच युद्धाचा निकाल ठरवतो, असं म्हटलं जातं. आम्ही ग्वाल्हेरकर रोज किल्ल्याखालून जातो. तो सरळ तुटलेला वालुकाश्माचा कडा पाहिला की क्षणभर पटतंही. पण ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मेजर पॉपहॅमच्या तुकडीने रात्री नेमका कडाच गाठला. शिड्या लावल्या, वरून दोर सोडले. पावलं वाजू नयेत म्हणून शिपायांच्या पायांत कापूस भरलेली पायताणं. उजाडेपर्यंत किल्ला शिंद्यांच्या हातून गेला! इथून कोण चढणार, याच भरवशावर पहारा सैल राहिला असावा, असं माझं मत. महादजी शिंद्यांचं नेतृत्व खरं दिसतं ते यानंतर. मराठे आणि इंग्रज यांच्यातला १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्याच मध्यस्थीने झाला, पुढच्याच वर्षी त्यांनी किल्ला परत मिळवला, आणि १७८४ मध्ये द बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभारून घ्यायला सुरुवात केली.